इंग्रजी वाक्संप्रदाय आणि आमच्या याद्या

आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतील पुस्तकांचें कपाट उघडून पाहिलें, तर त्यांत तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेचा पानें सुटलेला एखादा भाग, एक इंग्रजी-मराठी कोश आणि इंग्रजी वाक्प्रचारांची अर्थासह यादी देणारी एखादी पुस्तिका, हीं तीन हमखास सांपडतात. पहिल्या दोन प्रकारांविषयीं विद्वानांनीं वेळोवेळीं लिहिलें आहे. तिसऱ्याकडे मात्र टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं उघडावयाची आणि निकाल लागल्यावर धाकट्या भावंडाच्या हवालीं करावयाची ही वस्तु. तिचें परीक्षण तें काय करावयाचें, असा यांतील भाव असावा. परंतु जी पुस्तिका पिढ्यान् पिढ्या आमच्या मुलांच्या हातीं पडते, आणि जी आतां छापील पानांवरून मोबाइलच्या पडद्यावरहि ‘रोज एक वाक्प्रचार’ या रूपानें अवतरली आहे, तिच्या गुणदोषांची चर्चा एखाद्या कादंबरीच्या चर्चेइतकी तरी अगत्याची आहे, असें आम्हांस वाटतें. या लेखांत आम्ही कोणा एका ग्रंथकारास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणार नाहीं. तसें करूं लागलों तर पहिल्या प्रथम आम्हांसच तेथें उभें राहावें लागेल. कारण अशी एक यादी आम्हींहि केली होती.

ती हकीकत आधीं सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एका आडवळणाच्या खेड्यांतून आलेला एक विद्यार्थी होता. घरांत इंग्रजीचें अक्षर ओळखणारा तोच पहिला. त्याचें व्याकरण निर्दोष होतें, शब्दसंग्रह मोठा होता, आणि आम्हीं वर्गास सांगितलेली तीनशें वाक्प्रचारांची यादी त्यानें सुवाच्य अक्षरांत उतरून घेऊन मुखोद्गत केली होती. पदवी मिळाल्यावर एका नोकरीच्या मुलाखतीचें त्याला बोलावणें आलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तो नीट देत होता. मध्येंच शब्द जुळवण्यासाठीं क्षणभर थांबला, तेव्हां अध्यक्षस्थानीं बसलेल्या गृहस्थांनीं त्याला धीर देण्यासाठीं हंसून म्हटलें, ‘गो ऑन’. ‘गो’ म्हणजे जा, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. तो उठला, सर्वांस नमस्कार केला आणि बाहेर निघून आला. आंत बसलेल्यांना तें औद्धत्य वाटलें कीं भित्रेपणा, हें कळण्यास मार्ग नाहीं. त्याला पुन्हां कोणीं आंत बोलाविलें नाहीं, एवढें खरें. दोन दिवसांनीं तो आमच्या घरीं आला. झालेला घोटाळा आम्हीं उलगडून सांगितला तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. मग पिशवींतून ती वही काढून अगदीं शांतपणें म्हणाला, “सर, आपल्या यादींत ‘गो ऑन’ नव्हतें.”

खरोखरच नव्हतें. निळ्या चंद्राचा वाक्प्रचार होता, दोन्ही टोकांनीं जाळलेल्या मेणबत्तीचा होता, मांजराकुत्र्यांच्या पावसाचा होता. परंतु इंग्रज माणूस दिवसांतून पन्नास वेळां जें बोलतो, तें वाक्संप्रदाय या नांवास पात्र आहे हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्यास उशिरा दिलेलें उत्तर आहे.

या विषयांत पहिला घोटाळा होतो तो वर्गीकरणाचा. इंग्रजी वाक्संप्रदायांचे ढोबळ मानानें दोन प्रकार करतां येतात. ज्यांत एखादें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तो पहिला प्रकार. मगरीचे अश्रु, पांढरा हत्ती, हिमनगाचें टोक हे या वर्गांतले. दुसऱ्या प्रकारांत चित्र जवळजवळ नसतेंच. ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘रन’ असें एखादें अगदीं साधें क्रियापद घ्यावयाचें आणि त्यापुढें ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ असें एखादें इवलेंसें अव्यय जोडावयाचें, कीं अर्थ भलतीकडेच जातो. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश रचला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं या प्रकाराकडे मुद्दाम लक्ष वेधलें असून परकीयांस सर्वांत मोठी अडचण येथेंच पडते, असें बजावून ठेविलें आहे. म्हणजे दुखणें कोठें आहे हें पावणेतीनशें वर्षांपूर्वींच सांगून झालें आहे. या प्रकारास ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव रूढ झालें तें पुष्कळ उशिरा. लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथांत तें योजिलें, आणि हें नांव आपणांस कोशकार हेन्री ब्रॅडले यांनीं सुचविलें, अशी प्रांजळ नोंदहि केली. आम्ही या लेखापुरतें त्यास ‘साव्यय क्रियापद’ म्हणूं.

आतां आमच्या याद्या पाहाव्या तर त्यांत पहिल्या प्रकाराची गर्दी आणि दुसऱ्याची वाण. याचें कारण उघड आहे. चित्रमय वाक्प्रचार मनोरंजक असतो. त्यामागें एखादी गोष्ट सांगतां येते, आणि गोष्ट नसली तर रचतां येते. मांजरें-कुत्रीं गवताच्या छपरावर निजत आणि पाऊस आला कीं घसरून खालीं पडत, म्हणून इंग्रजींत तसा पाऊस पडतो, ही कथा आम्हींच वर्गांत रंगवून सांगितल्याचें आठवतें. त्या कथेस कांहींएक आधार नाहीं, हें मागाहून कळलें. खऱ्या व्युत्पत्त्या मात्र अर्थावर लख्ख उजेड पाडतात. ‘टेकन अबॅक’ होणें म्हणजे एकाएकीं चकित होऊन थबकणें. हा शब्दप्रयोग शिडाच्या गलबतांवरचा आहे: वारा अवचित समोरून आला कीं शिडें उलटीं फिरून डोलकाठीवर दाबलीं जात आणि चालतें गलबत जागच्या जागीं अडे. हें कळल्यावर विद्यार्थी तो शब्द नुसत्या ‘आश्चर्य वाटणें’ या अर्थीं वापरणार नाहीं. त्यांतला धक्का आणि खोळंबा हीं दोन्ही त्याच्या ध्यानांत राहतील. इंग्रजांची भाषा समुद्रावर वाढली आहे, तशी आमची शेतामळ्यांत. चर्चेचें गुऱ्हाळ म्हटलें कीं ज्यानें उसाचा घाणा तासन् तास फिरतांना पाहिला आहे त्यास अर्थ विचारावा लागत नाहीं.

परंतु याद्यांतून अर्थ देण्याची पद्धत पाहावी तर मध्यें एक ‘बरोबर’चें चिन्ह आणि पुढें मराठी प्रतिशब्द. एकच उदाहरण घेऊं. ‘मीट वन्स वॉटर्लू’ याचा अर्थ बहुधा ‘पानिपत होणें’ असा दिलेला असतो. दोन्ही रणांगणें, दोन्ही इतिहासप्रसिद्ध, दोन्ही ठिकाणीं पराभव. सकृद्दर्शनीं जोडी उत्तम जमली. परंतु जरा खोल पाहावें. १८१५ सालीं वॉटर्लूस हरला तो नेपोलियन, म्हणजे ज्यानें त्यापूर्वीं सारें युरोप जिंकून दाखविलें होतें असा एक पुरुष. म्हणून इंग्रजींत वॉटर्लू गांठतो तो एकटा मनुष्य, आणि तोहि असा कीं जो तोंवर विजयी होत आला आहे. दरवर्षीं नापास होणाऱ्या मुलाला यंदाहि त्याचें वॉटर्लू भेटलें, असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें आधीं कांहीं जिंकलेलें असावयास हवें. उलट १७६१ च्या पानिपताचें नांव घेतल्यावर मराठी मनापुढें एक व्यक्ति उभी राहत नाहीं. घराघरांतलीं माणसें एकाच दिवशीं गारद झाल्याचें दृश्य उभें राहतें. म्हणून आमच्याकडे पानिपत होतें तें सैन्याचें, संघाचें, निवडणुकींत एखाद्या पक्षाचें. एकांत एका गर्विष्ठाची अखेर आहे, दुसऱ्यांत अनेकांची धूळधाण. हा भेद ‘बरोबर’च्या चिन्हांत कोठें मावणार?

तरीहि चित्रमय वाक्प्रचारांविषयीं आमची तक्रार सौम्य आहे. कारण चित्र हें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत सुखानें प्रवास करूं शकतें. इंग्रजींतील मगरीच्या अश्रूंचे आम्हीं नक्राश्रु केले, पांढरा हत्ती जसाच्या तसा घेतला, आणि ज्यानें जन्मांत बर्फाचा डोंगर पाहिला नाहीं असा मनुष्यहि आज हिमनगाचें टोक म्हणून जातो. साव्यय क्रियापदाला मात्र हा प्रवास घडत नाहीं. ‘पुट अप विथ’ या तीन शब्दांचें शब्दशः मराठी करून पाहा: ‘ठेवणें वर सह’! त्यांतून ‘सोसणें’ हा अर्थ ब्रह्मदेवासहि काढतां येणार नाहीं.

एका ‘पुट’चाच संसार पाहावा. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगांत घालणें. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें. ‘पुट आउट’ म्हणजे दिवा किंवा आग विझविणें. ‘पुट अप’ म्हणजे उभारणें, आणि पाहुण्यास उतरावयास जागा देणें हेंहि. ‘पुट डाउन’ म्हणजे खालीं ठेवणें, टिपून घेणें, बंड मोडणें आणि चारचौघांत एखाद्यास हिणविणें. गंमत अशी कीं, यांपैकीं बहुतेकांना एकेक भारदस्त प्रतिशब्द इंग्रजींतच आहे आणि तो आमच्या विद्यार्थ्यास आधींपासून येत असतो. त्याला ‘पोस्टपोन’ येतें, ‘पुट ऑफ’ येत नाहीं. ‘टॉलरेट’ येतें, ‘पुट अप विथ’ येत नाहीं. ‘एक्स्टिंग्विश’ची अक्षरें तो न चुकतां लिहितो आणि ‘पुट आउट द फायर’ ऐकून गोंधळतो.

असें कां व्हावें? याचें उत्तर थोडें इंग्रजी भाषेच्या इतिहासांत आणि थोडें आमच्या शिक्षणाच्या इतिहासांत आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्याय आणि उच्च कुळें यांची भाषा फ्रेंच झाली. विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळें इंग्रजींत एकाच क्रियेला दोन पोशाख मिळाले: लॅटिन-फ्रेंच वंशाचा कचेरींतला आणि मूळ इंग्रजी वंशाचा घरांतला. आम्हीं इंग्रजी घेतलें तें कचेरींतून, न्यायालयांतून आणि परीक्षेच्या दालनांतून. आमच्या आजोबांनीं अर्ज लिहिले, अहवाल लिहिले, कायदे वाचले. इंग्रज आई मुलाला निजवितांना काय बोलते, न्हावी गिऱ्हाइकाशीं काय बोलतो, हें त्यांच्या कानांवर पडण्याचा संभवच नव्हता. म्हणून आमचें इंग्रजी सदैव कोट चढवून बसलेलें असतें. तें घरांत वावरूं शकत नाहीं. १८९७ सालीं ॲन्स्टी नांवाच्या इंग्रज विनोदकारानें ‘बाबू जबर्जी, बी. ए.’ हें पुस्तक लिहून अशा इंग्रजीची यथेच्छ टिंगल केली. परक्याची भाषा कष्टानें शिकणाऱ्यास हंसणें सोपें असतें, आणि त्या हंसण्यांत राज्यकर्त्याची घमेंडहि आहे. परंतु टिंगलींतला जो अंश खरा आहे तो नाकारून चालणार नाहीं: जबर्जीपाशीं शब्द उदंड आहेत, कोणता शब्द कोठें शोभतो याचें भान मात्र नाहीं.

हें भान देणें हें वाक्प्रचारांच्या पुस्तिकेचें पहिलें कर्तव्य, आणि नेमकें तेंच ती करीत नाहीं. तिचे मुख्य दोष आम्ही क्रमानें सांगतों. पहिला दोष प्रमाणाचा. रोज लागणारा प्रयोग आणि जन्मांत एकदां भेटणारा प्रयोग यांना ती एकाच पंक्तीला बसविते. मुळाक्षरांच्या क्रमाखेरीज दुसरा क्रम तिला ठाऊक नाहीं. दुसरा दोष प्रसंगाचा. ‘किक द बकेट’ म्हणजे ‘मरणें’ एवढेंच ती सांगते. आमच्याकडे ‘कैलासवासी झाले’ आणि ‘गचकले’ यांत जें अंतर आहे, तेंच इंग्रजींतहि आहे, हें ती सांगत नाहीं. आणि मग दुखवट्याच्या पत्रांत हा प्रयोग घालणाऱ्या विद्यार्थ्याचा दोष काय म्हणावा? तिसरा दोष रचनेचा. सभा लांबणीवर टाकावयाची तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतें आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ हेंहि चालतें. परंतु सभेच्या जागीं सर्वनाम आलें तर ‘पुट इट ऑफ’ असेंच म्हणावें लागतें. उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी कधींच फुटत नाहीं. हा नियम दोन ओळींत सांगतां येतो, पण अनेक याद्यांत त्याचा मागमूसहि नसतो. चौथा दोष उदाहरणांचा. वाक्प्रचाराचा अर्थ ज्यांतून आपोआप उकलावा असें वाक्य देण्याऐवजीं, त्या जागीं कोणताहि दुसरा शब्द घातला तरी चालेल असें निर्जीव वाक्य दिलेलें असतें.

या पद्धतीचें टोक कोठें गांठतें हें पाहावयाचें असेल तर १८५५ सालचें पेद्रु कारोलिनु यांचें पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणाचें पुस्तक पाहावें. कर्त्यास इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतें. पोर्तुगीज वाक्यांचें फ्रेंच एका जुन्या पुस्तकांत तयार होतें. फ्रेंचवरून इंग्रजी करण्यास कोश होता. मग अडलें काय? ताटकळत बसणें या अर्थाच्या एका फ्रेंच वाक्प्रचारांतल्या शब्दाचें त्यांनीं शब्दसादृश्यावरून इंग्रजींत माकडाच्या एका जातींत रूपांतर केलें. १८८३ सालीं हें पुस्तक लंडनांत विनोदी वाङ्मय म्हणून पुन्हां छापलें गेलें आणि अमेरिकन आवृत्तीस मार्क ट्वेन यांनीं प्रस्तावना लिहिली. लोक पोट धरधरून हंसले. आम्हांस मात्र तें पुस्तक वाचतांना हंसूं अर्ध्यावरच थांबलें. कारण कोशांतला शब्द शब्दापुढें मांडला कीं भाषा होते, हा जो कारोलिनु यांचा भ्रम, तोच जरा सौम्य रूपांत आमच्या तीनशें वाक्प्रचारांच्या यादींत होता.

येथें कोणी म्हणेल, हें सारें ठीक. पण मराठी मुलानें हा डोंगर चढावा तरी कसा? आमच्या मतें त्याची शिडी त्याच्या घरांतच आहे, आणि ती त्याला कोणी दाखवीत नाहीं ही खरी खंत आहे. ‘खाणें’ आणि ‘खाऊन टाकणें’, ‘बोलणें’ आणि ‘बोलून बसणें’, ‘लिहिणें’ आणि ‘लिहून ठेवणें’ यांतला भेद चार वर्षांचें मराठी पोर जाणतें. येथें कोणी कांहीं टाकीत नाहीं, बसत नाहीं कीं ठेवीत नाहीं. तीं दुसरीं क्रियापदें आपला मूळ अर्थ सोडून पहिल्या क्रियेला एक रंग देतात. टाकण्यानें क्रिया पुरी संपते, बसण्यानें मागाहूनचा पश्चात्ताप सूचित होतो, ठेवण्यानें पुढची तरतूद. ‘मी पाहून घेतों’ यांत आश्वासन आहे आणि ‘तुला पाहून घेईन’ यांत धमकी! नुसत्या ‘लागणें’ या धातूनें आम्हांस भूक लागते, ठेच लागते, वेड लागतें. दार लागतें, निकाल लागतो आणि झाडाला आंबेहि लागतात. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ नुसता चाळला तरी साध्या धातूंनीं मराठींत केवढा संसार थाटला आहे, हें कळून येईल. ज्याच्या मातृभाषेंत हें सारें खेळतें आहे, त्याला ‘ईट अप’ मधल्या ‘अप’चें भय कां वाटावें? तें आमच्या ‘टाकणें’ याचेंच भावंड आहे: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव.

ज्या घरांत संस्कृताचा थोडा संस्कार आहे तेथें दुसरीहि किल्ली आहे. हृ हा एकच धातु. परंतु उपसर्ग बदलतांच आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे एकमेकांशीं कांहीं नातें नसलेले अर्थ होतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळानें दुसरीकडे ओढून नेतो, हें आमच्या वैयाकरणांनीं केव्हांच सांगून ठेविलें आहे. इतकेंच नव्हे, तर वेदांच्या भाषेंत उपसर्ग धातूपासून सुटा होऊन वाक्यांत दूर उभा राहूं शकत असे; ‘पुट द मीटिंग ऑफ’ मधला ‘ऑफ’ दुसरें काय करतो? जुन्या इंग्रजींतहि अशीं अव्ययें पुष्कळदां धातूच्या मागें जोडलेलीं असत. मध्ययुगांत तीं हळूहळू पुढें सरकलीं.

साम्य सर्वत्र पुरें पडत नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. सर्व ‘अप’ समाप्तिदर्शक नसतात, आणि ‘अप’ची गोडी लागली कीं तें नको तेथेंहि चिकटतें. ‘कोप विथ’ असा शुद्ध प्रयोग असतां आमच्याकडे सर्रास ‘कोप अप विथ’ म्हणतात, तें ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीचें फळ असावें. तथापि अव्ययांत एक व्यवस्था आहे हें विद्यार्थ्यास कळलें कीं निम्मी भीति जाते. ‘ऑन’चें एक मोठें काम म्हणजे क्रिया थांबूं न देणें: ‘रीड ऑन’, पुढें वाच, ‘कॅरी ऑन’, काम चालूं ठेव, ‘ड्राइव्ह ऑन’, गाडी तशीच पुढें ने, आणि ‘गो ऑन’, चालूं द्या. ‘चालूं द्या’! आमच्या मराठींतहि येथें चालण्याचाच धातु आहे. सभेंत वक्ता अडखळला आणि अध्यक्षांनीं ‘चालूं द्या’ म्हटलें, तर कोणी मराठी माणूस उठून चालूं लागत नाहीं. आमच्या त्या विद्यार्थ्यास एवढें एक वाक्य जर आम्हीं सांगितलें असतें!

या विवेचनावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, इंग्रजीच इतकें सोपें कां करूं नये कीं या कटकटी उरणारच नाहींत? हा प्रयत्न होऊन गेला आहे. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांचें ‘बेसिक इंग्लिश’ सिद्ध केलें, आणि १९४३ सालीं चर्चिल यांनींहि त्याची भलावण केली. त्यांत क्रियापदाचें काम करणारे शब्द होते फक्त १८. परंतु ‘टॉलरेट’ वगळल्यावर तो अर्थ सांगावयाचा कसा? ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द यादींत होतेच; त्यांची जोडी करून! शब्दांची गणती कमी झाली, पण ओझें सारें त्या जोड्यांवर गेलें, आणि जोड्या कोणीं मोजल्या नाहींत. इंग्रजास हें सोपें वाटलें, कारण त्याला त्या जोड्या आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज इंग्रजी बोलणाऱ्यांत ज्यांची ती मातृभाषा नाहीं असेच लोक अधिक आहेत. पुण्याचा अभियंता जपानी माणसाशीं बोलतो तेव्हां दोघांमध्यें इंग्रज नसतोच. मग इंग्रजांच्या लकबी हव्यात कशाला? शिवाय आमचे स्वतःचे प्रयोग आहेत. महाविद्यालयांतून ‘पास आउट’ होणें हें आमच्याकडे अभिमानानें सांगतात. इंग्लंडांत सामान्यतः त्याचा अर्थ मूर्च्छा येणें असा होतो. पण आमच्या आपसांत आमचा अर्थ चालतो, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. बोलण्यासाठीं निळा चंद्र आणि जळती मेणबत्ती यांची कांहीं गरज नाहीं. साधें बोलणारा मनुष्यच सर्वांस कळतो. परंतु बोलणें आपल्या हातीं असतें, ऐकणें दुसऱ्याच्या. परदेशांत मुलाकडे गेलेल्या आईबापांना विमानतळावर ‘टेक ऑफ युअर शूज’, कचेरींत ‘फिल इन द फॉर्म’, फोनवर ‘होल्ड ऑन’ आणि रुग्णालयांत ‘ब्रीद आउट’ हें ऐकावेंच लागतें. तेथें चूक झाली तर ती नुसत्या गुणांची चूक राहत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चित्रमय वाक्प्रचार समजण्यापुरते शिकावे आणि साव्यय क्रियापदें कानांत मुरेपर्यंत शिकावीं.

या दृष्टीनें चांगलें काम कोणीं केलेंच नाहीं असें मात्र नव्हे. जपानांत इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्न्बी यांनीं दोन सहकाऱ्यांसह केलेला कोश प्रथम १९४२ सालीं टोकिओस निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या छापानें जगभर गेला. शिकणाऱ्यास केवळ अर्थ न देता शब्द वाक्यांत कसा बसतो हें दाखवावें, ही दृष्टि त्यांत होती. पुढें १९७५ सालीं काउई आणि मॅकिन यांनीं केवळ साव्यय क्रियापदांस एक अख्खा खंड दिला. हे ग्रंथ परकीय विद्यार्थ्यांचे हाल जवळून पाहिलेल्या शिक्षकांच्या वृत्तीनें लिहिलेले आहेत. उणीव एवढीच कीं, ते साऱ्या जगासाठीं आहेत. मराठी मुलाच्या ‘टाकणें’ आणि ‘बसणें’ यांची त्यांना वार्ता नाहीं. ती बाजू आमच्याच कोणीतरी सांभाळली पाहिजे.

तोंवर घरोघरीं काय करतां येईल? यादीऐवजीं वही करावी, आणि वहींत मुळाक्षरांऐवजीं एकेका क्रियापदाला एकेक पान द्यावें. ‘गेट’, ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, ‘कम’, ‘लुक’ एवढीं सहा पानें प्रथम पुरेत. वाचतांना किंवा ऐकतांना जो प्रयोग खरोखर भेटेल तोच, ज्या वाक्यांत भेटला त्या वाक्यासह, त्या पानावर लिहावा, आणि शेजारीं अर्थ न लिहितां त्याच प्रसंगीं आपण घरांत मराठींत काय बोललों असतों तें लिहावें. न भेटलेला शब्द वहींत घेऊं नये. वर्षअखेर कदाचित् शंभरच प्रयोग जमतील. परंतु ते ओळखीचे होतील, पाठ केलेले नव्हेत.

आमचा तो विद्यार्थी पुढें दुसऱ्या एका नोकरींत स्थिर झाला. आतां त्याची मुलगी महाविद्यालयांत आहे. मागें एकदां तो भेटावयास आला असतां आम्ही आमच्या अपराधाची गोष्ट काढली, तेव्हां त्यानें ती हंसण्यावारीं नेली. मुलीला मात्र त्यानें अशी एक वही करून दिली आहे. तिचें पहिलें पान ‘गो’चें आहे, आणि त्यावर पहिल्या ओळींत त्याच्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे: ‘गो ऑन’, चालूं द्या.